एकच दृश्य, दोन फोटो: रंगीत ठेवू की कृष्णधवल?

पायवाट
गेले पंधरा दिवस एकाच फोटोच्या दोन फाईली उघडून बसते आहे आणि निर्णय होत नाही, म्हणून इथे मांडते.

दृश्य पहाटेच्या तळ्याचं आहे. रात्रभर पाऊस पडून गेलेला. डाव्या हाताला पाण्यात उभी असलेली सात-आठ वठलेली झाडं. पलीकडे एकामागे एक तीन डोंगररांगा, प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा फिकी. आणि अगदी पुढ्यात, काठावर, वाळक्या गवताचा एक पट्टा. सूर्य वर आला तेव्हा पहिली तिरीप नेमकी त्या गवतावर पडली आणि ते पेटल्यासारखं दिसायला लागलं. बाकी सगळं अजून निळ्या सावलीत होतं. चार-पाच मिनिटं हे टिकलं. ट्रायपॉड, ३५ मिमीची लेन्स, एफ ११, १/१५ सेकंद, आयएसओ १००.

रंगीत फाईल पाहिली की नजर थेट गवतावर जाते आणि तिथेच अडकते. कृष्णधवल केली की डोंगर कागद कातरून एकावर एक ठेवल्यासारखे उठून येतात, झाडांच्या फांद्यांची नक्षी दिसते, पण गवत पार हरवतं. पाणी आणि गवत एकाच करड्या लगद्यात मिसळतात.

एका सामूहिक प्रदर्शनासाठी माझा एकच प्रिंट जाणार आहे, साधारण ६० × ४० सेंटिमीटरचा. दोन्ही लावायची मुभा नाही. मला "जे आवडेल ते लाव" हे उत्तर नको आहे. निवड कशाच्या आधारावर करायची, हे समजून घ्यायचंय.

काजवा
रंगीत. तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. गवताबद्दल लिहिताना तुम्ही "पेटल्यासारखं" म्हणालात. करडं गवत पेटत नाही.

तिपाई
काजवा यांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. पायवाट, तुम्हाला एक विचारतो. त्या जागी तुम्ही ट्रायपॉड कधी मांडलात? तिरीप पडल्यावर, की त्याआधी?

विचारण्याचं कारण सांगतो. जिथे आपण थांबतो तिथे आपल्याला कशाने तरी थांबवलेलं असतं, आणि फोटो बहुतेक वेळा त्याचाच असतो. नंतर आलेला प्रकाश ही भेट असते, पण ती कधी कधी मूळ फोटोच बदलून टाकते. मग पडद्यासमोर बसल्यावर आपण एकाच चौकटीत दोन फोटो शोधत राहतो.

माझी पडताळणीची पद्धत साधी आहे. फोटो पडद्यावर काडेपेटीएवढा लहान करायचा, डोळे किलकिले करायचे आणि पाहायचं की काय शिल्लक राहतं. उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे आकार स्पष्ट दिसत असतील आणि त्यांची मांडणी पक्की असेल, तर रंग काढून घेतला तरी फोटो उभा राहतो. आकार विरघळून फक्त रंगाचे डाग उरत असतील, तर तो फोटो रंगाच्या जिवावर उभा आहे. त्याला कृष्णधवल करणं म्हणजे त्याचे पाय काढून घेणं.

आणखी एक मनापासून सांगतो. बरीच वर्षं मी ढगाळ, निस्तेज दिवसांचे फोटो सरसकट कृष्णधवल करायचो. रंग नाहीत ना, मग काढूनच टाकू, असा हिशेब. नंतर ते सगळे एकत्र काढून पाहिले आणि वाईट वाटलं. निस्तेज प्रकाश रंग काढल्यावर निस्तेजच राहतो. कृष्णधवल फोटोला प्रकाश जास्त लागतो, कमी नाही. ढगाळ दिवसाचे जे थोडे फोटो टिकले, त्यांत धुक्यासारखं काहीतरी होतं, जे स्वतःच पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या तयार करतं.

पायवाट
तिपाई, ट्रायपॉड तिरिपीच्या अर्धा तास आधीच मांडला होता. झाडांसाठी आणि डोंगरांच्या त्या पायऱ्यांसाठी. गवत तेव्हा मातकट होतं, मी ते चौकटीत घेतलं ते फक्त पुढचा भाग रिकामा वाटू नये म्हणून. हे आज पहिल्यांदा माझ्या लक्षात येतंय.

एफ_अकरा
गवत हरवण्याचं कारण गणितात आहे, ते आधी पाहू. मग निवड करणं सोपं जाईल.

रंगीत चित्राचा करडा रंग काढताना लाल, हिरवा आणि निळा यांना सारखा मान मिळत नाही. आपल्या डोळ्याला हिरव्याचा उजेड सर्वांत जास्त जाणवतो, निळ्याचा सर्वांत कमी. म्हणून जुन्या आणि अजूनही खूप वापरल्या जाणाऱ्या सूत्रात लालचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ भाग घेतात. आता उदाहरण म्हणून उन्हातल्या गवताचे आकडे धरा (० म्हणजे काळोख, २५५ म्हणजे पूर्ण उजेड): लाल १९०, हिरवा ११०, निळा ५०. आणि सावलीतल्या पाण्याचे: लाल १०५, हिरवा १३०, निळा १७०. गुणाकार-बेरीज करून पाहा. गवत १२७, पाणीही १२७. एक तांबूस नारिंगी, एक निळं, डोळ्याला जमीन-अस्मानाचा फरक, आणि करड्यात तंतोतंत एकच छटा. तुमच्या फाईलमधले आकडे वेगळे असतील, पण घडलंय ते हेच.

म्हणून "सॅच्युरेशन" म्हणजे रंगाचा गडदपणा शून्य करून फोटो कृष्णधवल करू नये. त्यात निर्णय सूत्र घेतं, आपण नाही. त्याऐवजी ब्लॅक अँड व्हाईट मिक्सर उघडा आणि रंगनिहाय स्लायडर फिरवा. वरच्याच उदाहरणात फक्त लाल चॅनल, म्हणजे फाईलमधला लाल रंगाचा थर, घेतला तर गवत १९० आणि पाणी १०५, म्हणजे गवत उजळून बाहेर येतं. फक्त निळा घेतला तर गवत ५० आणि पाणी १७०, म्हणजे तेच गवत जवळजवळ काळं होतं. तीच फाईल, तोच क्षण, आणि गवताच्या दोन उलट्या भूमिका.

फिल्मवाले हे काम लेन्सपुढे रंगीत काच लावून करायचे. पिवळी काच आकाश थोडं गडद करते, नारिंगी त्याहून जास्त, लाल तर निळं आकाश काळ्याच्या जवळ नेते. ८ नंबरची पिवळी, २१ नंबरची नारिंगी आणि २५ नंबरची लाल काच नेहमीच्या वापरातली. लाल काचेला तीन स्टॉप जास्त एक्स्पोजर द्यावं लागायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). १० एप्रिल १९२७ रोजी अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स योसेमिटीतल्या हाफ डोमच्या कड्यासमोर उभे होते तेव्हा त्यांच्याकडे दोनच प्लेट, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, उरल्या होत्या. एक त्यांनी पिवळ्या काचेतून घेतली आणि लगेच लक्षात आलं की आकाश फिकं येणार, कड्याचा जो दबदबा मनात उमटला होता तो येणार नाही. शेवटची प्लेट त्यांनी गडद लाल काच लावून घेतली. काळ्या आकाशापुढे उभा असलेला तो कडा आज आपण पाहतो तो त्या शेवटच्या प्लेटवरचा. डोळ्याला त्या दिवशी आकाश तसं काळं दिसलेलं नव्हतं.

काजवा
हे वाचून पुन्हा विचार करतोय. म्हणजे कृष्णधवल फोटोतही रंगच काम करत असतो, फक्त पडद्यामागून.

एफ_अकरा
अगदी. आणि ज्या काळात निगेटिव्हला जवळजवळ फक्त निळा प्रकाश कळायचा, तेव्हा निसर्गचित्रांची आकाशं कोरी पांढरी यायची. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्राची काही दृश्यं दोन वेगवेगळ्या निगेटिव्हमधून जुळवली, एक आकाशाची, एक पाण्याची. समुद्र आणि आकाश दोघांचा उजेड एकाच प्लेटवर मावत नव्हता. आपल्याकडे आज तीनही चॅनल एकाच फाईलमध्ये असतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पायवाट
काल रात्री मिक्सर घेऊन बसले. लाल आणि नारिंगी वर नेले, निळा खाली ओढला. गवत खरंच उजळलं! पण दोन गोष्टी बिघडल्या. एक, पाण्याच्या गडद भागात दाणे दिसायला लागले आणि शेवटच्या डोंगराच्या कडेला एक पांढरी रेघ आली. दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक: डोंगरांच्या पायऱ्या चपट्या झाल्या. ज्या फिकेपणासाठी मी थांबले होते तोच कमी झाला. असं का?

एफ_अकरा
दाण्यांचं आधी सांगतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्म्या ठिपक्यांपुढे हिरवी जाळी असते, पाव लाल, पाव निळी. पहाटेच्या निळ्या सावलीत लाल ठिपक्यांपर्यंत मुळात प्रकाशच कमी पोहोचतो. तुम्ही त्याच उपाशी चॅनलवर सगळा भार टाकलात, म्हणून पाण्यात दाणे आले. कडेची पांढरी रेघ येते ती शेजारी-शेजारी असलेल्या दोन रंगांना उलट दिशांना ताणल्यामुळे. स्लायडर अर्ध्यावर आणा, उरलेलं काम गवतापुरतं मास्क करून, म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून, उजेड वाढवून करा. आणि हे सगळं रॉ फाईलवर, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाईलवर. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक चॅनलला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. ताण दिला की जेपेग आधी फाटतं.

डोंगरांचं कारण निळाई यांना जास्त चांगलं सांगता येईल. त्यांचे दूरच्या रांगांचे फोटो इथे सगळ्यांनी पाहिलेत.

निळाई
हाक मारलीत म्हणून नाही, मी हा धागा पहिल्यापासून वाचतेय आणि जीव तुटतोय.

दूरचे डोंगर निळे का दिसतात? आपल्यात आणि डोंगरात जी हवा आहे ती प्रकाश विखुरते, आणि लहान तरंगलांबीचा प्रकाश फार जास्त विखुरते. हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असतं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. जितकं अंतर जास्त तितकी मधली हवा जास्त, तितकी रांग फिकी आणि निळी. म्हणजे तुमच्या त्या पायऱ्या मुख्यतः निळ्या चॅनलमध्ये राहतात. तुम्ही निळा खाली ओढलात आणि लाल वर नेलात, म्हणजे मधली हवाच पुसून टाकलीत. म्हणून डोंगर जवळ आले आणि चपटे झाले. धुकं असतं तर एवढा फरक पडला नसता. धुक्याचे थेंब मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं दिसतं आणि लाल काच लावूनही हटत नाही.

आता तुमची खरी अडचण बघा. गवताला लाल हवाय, डोंगरांना निळा हवाय. करड्याच्या एकाच शिडीवर दोघांना न्याय देताच येत नाही, कुणाला तरी खाली उतरावं लागतं. रंगात मात्र दोघं एकमेकांना उचलून धरतात. नारिंगीशेजारी निळा जास्त निळा वाटतो, निळ्याशेजारी नारिंगी जास्त तापलेला वाटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये हे सविस्तर लिहून ठेवलं, तेही कापड रंगवण्याच्या कामातून शिकून. तुमच्या फोटोत जवळचं ऊबदार आहे आणि दूरचं गार. अंतर रंगाने सांगितलं जातंय. ते काढून घेतलं तर नुसता रंग जाणार नाही, खोली जाईल.

लोक रंगाला हलकं समजतात याचं मला खरंच दुःख होतं. कृष्णधवल म्हणजे गंभीर, कलात्मक, आणि रंगीत म्हणजे कॅलेंडर, असं मानलं जातं. अमेरिकन छायाचित्रकार एलियट पोर्टर यांचं काम बघा. शिक्षणाने डॉक्टर, सुरुवात कृष्णधवलपासून. त्या फोटोंत पक्ष्यांच्या जाती नीट ओळखू येत नाहीत, या अडचणीमुळे ते रंगाकडे वळले आणि मग झाडांच्या साली, पाण्यातली प्रतिबिंबं, शेवाळलेले दगड असं सगळं रंगात करत राहिले. त्यांत भडकपणाचा मागमूस नाही. रंग तिथे माहिती म्हणून येतो.

तिपाई
निळाई, "गवताला लाल, डोंगरांना निळा" हे तुम्ही फार नेमकं पकडलंत. मला मात्र यातून उलट निष्कर्ष दिसतो.

दोघांना एका शिडीवर न्याय देता येत नसेल तर त्या चौकटीत दोन विषय आहेत. रंग त्यांना सांधतोय हे खरं, पण सांधतोय म्हणून फोटो एक होत नाही. पायवाट झाडांसाठी आणि डोंगरांसाठी थांबल्या होत्या. त्यांच्या जागी मी असतो तर गवताला काळं होऊ दिलं असतं. निळा वर, लाल खाली. खाली एक गडद पट्टा, त्यावर उजळ पाणी, त्यात काळी झाडं, मागे फिकट होत जाणाऱ्या तीन रांगा. गवत हरवतं आहे ही तक्रार तेव्हा उरत नाही, कारण ते चौकटीचा उंबरठा होतं.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांचा दाखला देतो. आयुष्यभर कृष्णधवल केलेला माणूस. कोडॅक या फिल्म कंपनीने विचारणा केली म्हणून १९४६-४७ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पॉइंट लोबोसला, जिथे ते वर्षानुवर्षं फोटो काढत होते तिथेच, ८ × १० इंची कोडाक्रोम या रंगीत फिल्मवर काम केलं. त्यानंतर त्यांची भूमिका अशी होती की ही दोन माध्यमं एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, दोघांची साध्यंच वेगळी आहेत. मला त्यातून हे कळलं की रंगीत फोटो आणि कृष्णधवल फोटो एकाच जागी उभं राहूनसुद्धा वेगळ्या चौकटी मागतात.

कवडसा
मी इथे फारसा लिहीत नाही. पण हा विषय माझ्या जवळचा आहे.

मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, जन्मापासून. तुम्ही टाकलेला रंगीत फोटो पाहिला. गवत आणि पाणी मला वेगळे दिसले, कारण नारिंगी-निळा फरक मला कळतो. पण गवताच्या उजवीकडे जी झुडपं आहेत, ती हिरवी आहेत असं आईने पाहून सांगितलं. मला ती आणि गवत एकच वाटत होतं. म्हणजे तुम्हाला जो "पट्टा" दिसतो तो मला दुप्पट रुंद दिसतो आणि त्याला कड नाही.

रंगीत ठेवू नका असं मी म्हणणार नाही. फक्त एवढंच, की रंगीत ठेवलात तरी उजेड-अंधाराची बाजू सोडू नका. झुडपं अर्धा स्टॉप जरी गडद केलीत, तरी माझ्यासारख्याला गवताची कड सापडेल. आणि मला वाटतं, रंग नीट दिसणाऱ्यांनाही ते बरंच वाटेल.

निळाई
कवडसा, किती छान सांगितलंत. मी माझे जुने फोटो आज रात्री या नजरेने उघडणार आहे.

पायवाट
कवडसा, मनापासून आभार. झुडपं गडद केली आणि फरक लगेच दिसला. गवताचा पट्टा आता पट्टा वाटतो.

चार दिवस काय केलं ते लिहिते. तीन छोटे प्रिंट काढले: रंगीत, गवत उजळ असलेला कृष्णधवल, आणि तिपाई म्हणतात तसा गवत काळं असलेला. तिन्ही भिंतीला लावले आणि येता-जाता पाहिले.

गवत उजळ असलेला कृष्णधवल पहिल्याच दिवशी उतरवला. त्यात गवत उजळ आहे, पण ऊन आहे असं वाटत नाही. नुसतं पांढरट गवत. काजवा पहिल्या दिवशी बोलले ते इतकं खरं निघेल असं वाटलं नव्हतं.

उरलेल्या दोघांचं भांडण मात्र वेळेनुसार बदलत गेलं. सकाळी खिडकीच्या उजेडात रंगीत प्रिंट जिंकायचा. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, उजेड अगदी कमी झाला की रंगीतमधलं गवत विझायचं, तपकिरी डाग व्हायचं, आणि कृष्णधवल तसाच ठाम उभा.

एफ_अकरा
तुमचं निरीक्षण बरोबर आहे. भरपूर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्याला, सर्वांत तीव्र असतो. उजेड फार कमी झाला की दुसऱ्या पेशी काम हाती घेतात आणि तीव्रता ५०७च्या आसपास सरकते. लाल-नारिंगी काळवंडतात, निळसर भाग त्या मानाने उजळ वाटतो. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. प्रदर्शनाच्या दालनात दिवे कसे आहेत ते आधी विचारा. चांगला उजेड असेल तर हा मुद्दा गैरलागू आहे. दिवे फार पिवळे असतील तर मात्र तुमची निळी सावली मळकट होईल, आणि ते जास्त मोठं नुकसान आहे.

पायवाट
विचारलं. प्रत्येक प्रिंटवर स्वतंत्र दिवा आहे, पांढरा.

ठरलं माझं. रंगीत जाणार. कारण निळाई यांनी सांगितलेलं: जवळची ऊब आणि दूरचा गारवा हे एकत्र फक्त त्यातच आहे, आणि त्या सकाळी तिरीप आल्यावर मला जे वाटलं ते त्या दोन्हींचं मिळून होतं. नारिंगीचं सॅच्युरेशन मात्र बरंच खाली आणलं. आधी नजर गवतावर अडकत होती, कारण मीच ते ओरडून सांगत होते. आता नजर गवतावरून पाण्यात जाते, झाडांपाशी थांबते आणि मग डोंगरांकडे.

आणि तिपाई, तुमचा फोटो वेगळा करून ठेवला आहे. त्याच रॉ फाईलमधून, गवत पूर्ण कापून, आडव्या लांबट चौकटीत. निळा वर, लाल खाली. फक्त पाणी, झाडं, रांगा. मी ट्रायपॉड मांडला तो त्याच फोटोसाठी, हे आता दिसतंय. पण कापल्यावर फाईल लहान उरली आहे, मोठा प्रिंट निघणार नाही. म्हणून तिरिपीच्या आधीच्या वेळी, लांब लेन्स घेऊन, पुन्हा जाणार आहे.

तिपाई
मी अजूनही कृष्णधवलच लावला असता. पण तुमचं कारण तुमचं आहे आणि ते पक्कं आहे, त्यामुळे वाद नाही. पुन्हा जाल तेव्हा कॅमेऱ्याचा मोनोक्रोम प्रीव्ह्यू, म्हणजे पडद्यावर कृष्णधवल दिसणं, चालू ठेवा, फाईल रॉच राहू द्या. जागेवरच करड्यात पाहायची सवय लागली की चौकट वेगळी पडते. तुम्ही गवत घेतलंच नसतं.

काजवा
प्रिंट कुठल्या कागदावर? मॅट की चकचकीत?

पायवाट
मॅटचा विचार आहे, काचेशिवाय लावायचा आहे म्हणून.

एफ_अकरा
मॅटवर काळा तितका खोल उतरत नाही. तुमची वठलेली झाडं आणि कवडसा यांच्यासाठी गडद केलेली झुडपं, दोन्ही त्याच भागात आहेत. मोठा प्रिंट काढण्याआधी झाडांचे बुंधे आणि झुडपं येतील अशी तळहाताएवढी पट्टी त्याच कागदावर काढून बघा. बुंध्यांच्या सालीतल्या रेषा दिसेनाशा झाल्या तर सावल्या थोड्या उचला, गवताला हात लावू नका.

पायवाट
उद्याच पट्टी काढते. इथेच फोटो टाकेन.